सगळ्यांच्या नावापुढे एकच नंबर

हसणार नसाल तर सांगतो. नाही, तुम्ही हसणारच, माहीत आहे मला! माझी सख्खी बायको आज इतक्या वर्षांनी हसते, तिथं तुम्हाला काय अडवणार? घ्या, चहा घ्या आधी. गार झाला की किश्श्याची मजा जाते.

तर माझ्या हुशारीमुळे शिरोली एमआयडीसीतल्या एका अख्ख्या फौंड्रीच्या घरचे फोन आठवडाभर आमच्या आईनं घेतले. चारशे माणसांचे! आणि नेमका त्याच आठवड्यात माझ्या लग्नाचा होकार-नकार फोनवर यायचा होता.

गोष्ट दोन हजार तीन-चारच्या सुमाराची. मोबाईल आले होते, पण साहेबांच्या पट्ट्याला लटकण्यापुरते. मी त्या फौंड्रीत कॉम्प्युटरवाला. म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मी, मालकांचा माउस चालेना झाला तरी मीच. हुद्दा मात्र मोठा होता, सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर! उचगावात आमच्या गल्लीत तो हुद्दा आई सोडून कुणालाच नीट म्हणता यायचा नाही, आणि तिनं तो दिवसातून दोनदा म्हणायचा सराव ठेवला होता.

त्या वर्षी कंपनीनं डिरेक्टरी सर्व्हर घेतला. घाबरू नका, सोपं आहे. कॉम्प्युटरमध्ये एक मोठी पेटी समजा. पेटीत प्रत्येक माणसाचं एक कार्ड. कार्डावर नाव, खातं, गाव, घरचा फोन. बस्स! टेलिफोन ऑपरेटरनं नाव टाकलं की कार्ड समोर.

आता घरचा फोन म्हणाल, तर कामगारांच्या घरी फोन कुठला? सगळ्यांचे नंबर पी.पी. आठवतंय का पी.पी.? शेजाऱ्याचा फोन आपल्या नावापुढे लिहायचा आणि शेवटी पी.पी. ठोकायचं. लग्नपत्रिकेवरसुद्धा ऐटीत छापायचे लोक. आमच्याकडे मुरगूडकडची साठ-पासष्ट माणसं होती आणि सगळ्यांचा नंबर एकच, त्यांच्या गावातल्या दूध संस्थेचा. संध्याकाळी दूध घालायला बाई आली की सेक्रेटरी निरोप देणार, "वैनी, मालक आज डबल पाळीला हायत."

मी विचार केला, उद्या त्या संस्थेचा नंबर बदलला तर मी साठ कार्डं खोडत बसू? पुस्तक उघडलं, तर त्यात तोडगा तयार. नंबर एकाच सामाईक कार्डावर लिहायचा, बाकीच्या कार्डांवर तो आपोआप दिसतो. सामाईक विहिरीसारखं बघा, विहीर एकच आणि नाव सगळ्यांच्या उताऱ्यावर. एका जागी बदला, सगळीकडे बदललं!

नाद खुळा! मी खुर्चीतल्या खुर्चीत दोन गिरक्या घेतल्या.

शनिवारी दुपारी बसलो. म्हटलं, आधी चाचणी करू. चाचणीला नंबर कुठला टाकायचा? जो पाठ आहे तो. टाकला आमच्या घरचा! गावागावाची वेगळी कार्डं सोमवारी करू म्हणून सध्या एकच सामाईक कार्ड केलं, सगळ्या कंपनीसाठी. मग मशीननं एक प्रश्न विचारला. एखाद्याच्या कार्डावर स्वतःचा नंबर आधीच असेल तर कुठला दाखवायचा, त्याचा का सामाईक? मी पुढचं-मागचं न बघता सामाईकवर टिचकी मारली. चाचणीच तर आहे, चालतंय की!

नंबर दिसला. झकास दिसला. पहिलं कार्ड बघितलं, टाळी वाजवली आणि घरी गेलो. कारण दुसऱ्या दिवशी मला कुरुंदवाडला मुलगी बघायला जायचं होतं, आणि शर्टाला इस्त्री व्हायची होती.

मुलगी प्रज्ञा, बी.एस्सी. झालेली. तिचे वडील बनसोडे सर हायस्कुलात गणिताला. पोहे झाले, जयभीम-नमस्कार झाले, सगळे नेहमीचे प्रश्न झाले. मग प्रज्ञानं मला विचारलं, "तुम्ही कामावर नक्की काय करता?"

हा प्रश्न आजवर एकाही मुलीनं विचारला नव्हता! मी सुटलो. पेटी, कार्डं, सामाईक विहीर, सगळं सांगितलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, दोनदा खाकरले तरी थांबलो नाही.

ती शांतपणे म्हणाली, "मग ज्याच्या घरी स्वतःचा फोन आहे, त्याचं काय?"

मी मोठ्यानं हसलो. "ते मशीन बघून घेतं हो!"

काय सांगू तुम्हाला, ती मुलगी मला इतकी आवडली की परतीच्या एस.टी.त मी हातकणंगल्यापर्यंत एकटाच हसत होतो. निघताना सर म्हणाले होते, "आम्ही घरात विचार करतो आणि पुढच्या रविवारच्या आत फोन करून कळवतो." झालं! आईनं घरी आल्या आल्या फोनवरचं विणलेलं कव्हर काढून धुतलं आणि हुकूम सोडला, "आठ दिवस ह्या फोनला कुणी हात लावायचा न्हाय. कुरुंदवाडचा फोन येणार हाय."

सोमवारी कामावर गेलो तर मालकांचा प्रिंटर बंद. मंगळवारी भट्टीवरचा कॉम्प्युटर राखेनं चोंदला. सामाईक कार्डाची आठवण? अहो, डोक्यात कुरुंदवाड असल्यावर आठवण कुठं राहणार!

आणि इकडे पर्सोनेलच्या जाधवसाहेबांना काय सुचलं असेल? कंपनीच्या वर्धापनदिनाला टेलिफोनची वही वाटायची! नाव, खातं, घरचा फोन. सोमवारी सकाळीच त्यांनी माझ्या त्या पेटीतून यादी काढली, एक ओळही न वाचता छापायला दिली आणि मंगळवारी चारशे वह्या वाटून मोकळे. गुळगुळीत कव्हर, आत मालकांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळी नावं. माझी वही मी न उघडताच खणात टाकली.

प्रत्येकाच्या नावापुढे आमच्या घरचा नंबर.

पहिला फोन आमच्या कंपनीच्या ऑपरेटर सुमनताईंचाच गेला. आईनं झडप घातली. "जयभीम! कुरुंदवाड का?"

"न्हाय हो. पोवारांच्या घरी सांगा, आज त्यांची डबल पाळी हाय."

"कोण पोवार?"

"मोल्डिंगचे पोवार. मुरगूडचे." आणि ठेवला.

आईला वाटलं, मी कुणातरी गरजूला आपला नंबर पी.पी. म्हणून दिला असेल. आता पी.पी. म्हणजे शेजारधर्म, नाही कसं म्हणायचं? तिनं माझी जुनी वही काढली, पेन दोरीनं फोनला बांधलं आणि लिहून घेतलं. पोवार, डबल पाळी.

थोड्या वेळानं मुरगूडहून खुद्द पोवारांच्या भावाचा फोन! पहिल्या पाळीचं कुणीतरी वही घेऊन गावी पोचलं होतं. "दादा हायत का? म्हस व्यालीया म्हणावं. रेडी झालीया!"

आईला काय आनंद! तिनं आधी त्याला डबल पाळीचा निरोप दिला आणि मग कंपनीच्या गेटवर फोन लावला, "मोल्डिंगच्या पोवारला सांगा, म्हस व्याली, रेडी झाली, दोघी खुशाल हायत!" वॉचमननं ते आत ओरडून सांगितलं. मी चहा पीत होतो. मीही टाळ्या वाजवल्या. आता बोला!

बुधवारी संध्याकाळी घरी गेलो तर आई वहीचं सातवं पान भरत होती.

"मिलिंदा, किती जणांना नंबर दिलायस रं?"

"मी? एकालाही नाही."

"मग ह्ये काय? फेटलिंगच्या चौगुल्याचा मेव्हणा येणार हाय. स्टोअरच्या मुल्लांची पोरगी पास झाली. आणि पुण्यासनं एक पावणं मालकांना विचारत हुतं. म्या सांगितलं, आंघोळीला गेल्यात, निरोप ठेवा."

"आमच्या मालकांना? आपल्या घरी?"

"मग! इंग्लिशमधनं बोलत हुतं. येस येस म्हटलं आणि ठेवला."

मला लगेच कळलं. काय कळलं? एक्स्चेंजमध्ये बिघाड आहे! म्हणजे बघा, जगातल्या सगळ्या माणसांवर संशय घेतला मी, एक माणूस सोडून. गुरुवारी टेलिफोन ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटून तक्रार लिहून आलो. "तुमच्या ह्या गलथानपणानं एखाद्याचं लग्न मोडेल!" असंही बोललो. तिथला माणूस बिचारा पाणी घेता का म्हणाला.

तोवर आईचा जम बसला होता. बायका आता निरोपासाठी नाही, सल्ल्यासाठी फोन करायला लागल्या. एकीनं कळवळून सांगितलं, "काकू, आमचे हे चार दिस झाले डबल पाळी करत्यात. हाडं मोडली वो त्यांची."

आईनं वही चाळली. "डबल पाळी? थांब हं. तुझ्या मालकाला कालच त्याच्या दोस्ताचा फोन आलता बाई. रंकाळ्यावर भेळ खायला जमायचं ठरलंय, रोज साडेपाचला."

त्या घरात संध्याकाळी काय झालं ते मला माहीत नाही. पुढे महिनाभर तो गडी माझ्याशी बोलला नाही, एवढं मात्र खरं.

अण्णांनी फोनजवळ वर्तमानपत्र वाचायचं सोडून दिलं आणि मोरीच्या उंबऱ्यावर बसायला लागले. आणि मी? मी घरी आलो की एकच विचारायचो, "कुरुंदवाड?" आई मान हलवायची. कुठून येणार हो फोन? लाईन मोकळी असेल तेव्हा ना! चार दिवस त्यांना टूँ-टूँ-टूँ ऐकू येत असणार. इतकी शहाणी मुलगी, आणि तिच्या घरचे म्हणत असतील, ह्या लोकांना बोलायचंच दिसत नाही.

शुक्रवारी दुपारी लाईनमन आला. मी मुद्दाम सुट्टी टाकून घरी. तो खांबावर चढला, उतरला, फोन उघडला, बंद केला.

"लाईन ठणठणीत हाय."

"अशी कशी ठणठणीत? अख्ख्या फौंड्रीचे फोन आमच्याकडे येतात!"

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. मग पिशवीतून एक गुळगुळीत वही काढली. "पावणं, ह्यी तुमच्याच कंपनीची न्हवं? माझा मेव्हणा भट्टीवर हाय तुमच्याकडं. त्येला गेले तीन दिस फोन लावतोय, आणि ह्या मावशीच उचलत्यात."

मी पान उघडलं. आमचा नंबर. दुसरं पान. आमचा नंबर. पानं उलटत गेलो आणि एकेका पानाला माझा एकेक रंग उडत गेला. शनिवारची दुपार आठवली, ती टिचकी आठवली, आणि कानात प्रज्ञाचा आवाज आला, "ज्याच्या घरी स्वतःचा फोन आहे, त्याचं काय?" अरे, तिला पोहे देता देता जे कळलं ते मला पगार घेऊन कळलं नव्हतं!

"बिघाड गावला का?" लाईनमननं विचारलं.

"गावला," मी म्हटलं. "उभाय तुमच्यासमोर."

सायकल काढली आणि तडक शिरोली. सामाईक कार्ड उडवायला दोन मिनिटं लागली. प्रत्येकाचा खरा नंबर खाली सुखरूप होता, वर फक्त आमचा दिसत होता, एवढंच. पण चारशे वह्या? त्या चारशे घरांत खुंटीला लटकत होत्या. सुमनताईंनी तर वही आपल्या बोर्डाशेजारी चिकटवलीच होती. "पडद्यावर बघायला चष्मा शोधावा लागतोय," म्हणाल्या.

घरी येऊन आईला खरं सांगितलं. आई पाच मिनिटं बोलली आणि त्या पाच मिनिटांत मी जन्मल्यापासूनचा सगळा हिशेब झाला. त्यातला एकही शब्द मी चहाच्या टेबलावर सांगणार नाही.

शनिवारी संध्याकाळी मात्र आई खुशीत दिसली.

"आज एका माणसाचा तीनदा फोन आला. तुझ्याबद्दल इचारत हुता."

"माझ्याबद्दल? कोण?"

"नाव न्हाय सांगितलं. पयल्यांदा म्हणाला, जाधवसाहेब हायत का. म्या म्हटलं, निरोप सांगा, घेते लिहून. तर म्हणाला, तुमच्याकडं त्यो कॉम्प्युटरवाला कांबळे हाय, कसा हाय पोरगा?"

"मग?"

"मला वाटलं, वहीवरनं भडकलेला असंल कुणीतरी. म्हटलं, त्येचं नाव काढू नका! निर्मळ हाय, खोटं बोलत न्हाय, दारूबिरूला शिवत न्हाय, पण असला धांदरट गडी उभ्या तालुक्यात गावायचा न्हाय."

"दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा फोरमन पायजे हुता. तिसऱ्यांदा स्टोअरचे मुल्ला. दोन्ही येळेला त्योच सवाल, कांबळे कसा हाय. म्या दोन्ही येळेला खरं तेच सांगितलं. धांदरट!"

"आई," मी म्हटलं, "मुलीकडचे लोक कंपनीत चौकशी करतात गं. सुमनताईंकडून साहेबांचे नंबर घेतात. साहेबांचे नंबर वहीतले. आणि वहीत…"

आईचा हात तोंडावर गेला. अण्णा मोरीच्या उंबऱ्यावरून आठवड्यातलं पहिलं वाक्य बोलले.

"विषय संपला."

मला खरंच रडू आलं हो. हसताय काय? त्या वयात रडू येतं माणसाला. फोन लावावा तर काय म्हणून लावावा? "सर, माझ्याबद्दल वाईट बोलली ती माझीच आई होती," हे काय कुणाला सांगण्यासारखं आहे?

रविवारी सकाळी नऊला दारात बनसोडे सर! खांद्याला शबनम, पायात चपला धुळीनं भरलेल्या. न कळवता! घरात काय अवतार? मी बनियनवर. फोन वाजतोय. आणि मुरगूडहून पोवारांची बायको किटलीतून दूध संस्थेच्या बर्फावर राखलेला म्हशीचा चीक घेऊन आलेली, "काकूंनी पयल्यांदा बातमी दिली, पयला चीक काकूंचा," म्हणून. आई एका हातानं चुलीवर खरवस बघतेय, दुसऱ्या हातात फोन. "हां, सांगते त्यांना. औषध येळेवर घ्या म्हणावं. व्हय, व्हय. सर, या की, बसा! न्हाय वो, तुम्हाला न्हाय म्हटलं."

सर खुर्चीत बसले. तासभर बसले. आई निरोप घेते, वहीत लिहिते, कुणाला धीर देते, कुणाला झापते, मधूनच पोवारांच्या बायकोला चहा. सर नुसते बघताहेत. मी समोर अवघडून उभा, नापास झालेल्या पोरासारखा.

शेवटी मीच म्हटलं, "सर, काल जे फोन झाले ना…"

"हां, ते." सरांनी खिशातून चिठ्ठी काढली. "तुमच्या ऑपरेटरबाईंनी तीन नंबर दिले. जाधव, फोरमन आणि मुल्ला. तिन्ही एकच, आणि तोच नंबर तुमच्या घरचा म्हणून आमच्या कॅलेंडरवर लिवलेला."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून कळलं होतं? आईच बोलतेय म्हणून?"

"गणिताचा मास्तर हाय मी, मिलिंदराव. तीन नंबर सारखे दिसल्यावर कळंल न्हाय?"

"मग तीनदा फोन का केला?"

"ताळा केला," सर म्हणाले. "आई हाय म्हटल्यावर बोलणारच की पोराच्या बाजूनं. म्हटलं, बघू, दुसऱ्यांदा उत्तर बदलतंय का. न्हाय बदललं. तिसऱ्यांदा केला. तरी न्हाय! आजपतूर सात ठिकाणी चौकशी केली मी प्रज्ञासाठी. समदी पोरं गुणाची, हुशार, कर्तबगार. आमचं पोरगं धांदरट हाय असं तीनदा सांगणारं घर पयल्यांदा भेटलं. त्यावर मंगळवारपासनं फोन एंगेज का लागतोय, तेबी आता डोळ्यांनी बघितलं."

आईनं फोन खाली ठेवला. खाली म्हणजे बाजूला, लाईन तशीच चालू ठेवून.

"प्रज्ञाला घरी सगळं सांगितलं," सर म्हणाले. "ती म्हणाली, आप्पा, हेच घर. असली सासू परत मिळायची न्हाय. तवा आमच्याकडनं होकार हाय."

अण्णा उंबऱ्यावरून उठले! आईनं पदर डोळ्याला लावला. पोवारांच्या बायकोनं ओळखदेख नसताना सरांना वाकून नमस्कार केला. माझी छाती अशी फुगली की बनियन पुरेना. आनंदात माणसानं गप्प बसावं, पण मी गप्प बसलो असतो तर आज तुम्हाला काय सांगितलं असतं?

मी विचारलं, "सर, आणि प्रज्ञाला माझ्यातलं काय आवडलं?"

सरांनी खरवसाची ताटली चाटूनपुसून खाली ठेवली. जरा विचार केला. गणिताचा माणूस, उगाच काहीतरी सांगणारा नव्हे.

"तुमच्या नावापुढं लिवायला अजून काय गावलं न्हाय," ते म्हणाले. "तवर आईंचंच कार्ड सामाईक लावून घेतलंय."